रात्री शेतात कोण येतं? थर्मल, नाइट व्हिजन आणि ट्रॅप कॅमेरा घेण्याआधी

या यंत्रांची चौकशी करणारे मराठवाड्यात तीन तऱ्हेचे लोक भेटतात. एक, ज्याच्या मक्यात नाहीतर हरभऱ्यात रानडुकरांचा कळप शिरतो आणि एका रात्रीत तासंच्या तासं लोळवून जातो. दुसरा, ज्याला रात्रीच्या थ्री फेज लाइटीवर उसाला पाणी द्यायला जावं लागतं आणि बिबट्याच्या बातम्यांनी ज्याच्या घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. तिसरा गौताळ्याच्या, येडशीच्या किंवा किनवटच्या बाजूचा हौशी पोरगा, ज्याला तरस, लांडगा, सायाळ यांचे फोटो हवे असतात. दुकानात गेल्यावर तिघंही पहिला प्रश्न एकच विचारतात, "किती लांबचं दिसतं?" त्याचं उत्तर खोक्यावर छापलेलं असतं, आणि तिथेच गिऱ्हाईक फसतं. रेंजचा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. का, ते पुढे हिशोब मांडून दाखवतो.

पहिली पायरी: काय कळायला हवं ते ठरवा

पैसे काढण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: मला नेमकं काय कळायला हवं? रात्री कोण येऊन गेलं, कोणत्या बाजूने, किती वाजता, एवढंच हवं असेल तर ट्रॅप कॅमेरा घ्या, म्हणजे वाटेवर बांधून ठेवला की हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा. तुम्ही घरी झोपा, जागल तो करतो. आत्ता या क्षणी समोरच्या धुऱ्यावर काही जिवंत उभं आहे का, हे हवं असेल तर थर्मल, म्हणजे उष्णता पाहणारं यंत्र. आणि उभं आहे ते कुत्रं की तरस, शेजारचा गडी की मोटार चोरणारा, हे ओळखायचं असेल तर नाइट व्हिजन. खरं सांगायचं तर या शेवटच्या कामाला चांगली टॉर्चही चालते. टॉर्चने जनावर पळतं ही अडचण फोटो काढणाऱ्याची. पीक राखणाऱ्याला तेच हवं असतं.

माझं मत स्पष्ट आहे: ज्याचं पीक खाल्लं जातंय त्याने आधी ट्रॅप कॅमेरा घ्यावा, थर्मलचं नाव नंतर. कळप कोणत्या नाल्यातून चढतो, तारेखालून कुठे घुसतो आणि साधारण किती वाजता, हे कळलं की पुढची सगळी कामं सोपी होतात. झटका मशीनची तार कुठे आणि किती उंचीवर घ्यायची हेही त्यातूनच ठरतं. डुक्कर खालून घुसतं, त्याला जमिनीलगतची तार लागते. रोही वरून उडी मारतो, त्याला वरच्या तारा लागतात. नुकसान कोणाचं हे न पाहता तार ओढली तर निम्मा खर्च वाया जातो. आणि थर्मल घेऊन रात्रभर माळ्यावर बसायचं म्हटलं, तर चौथ्या रात्री माणूस झोपतो. यंत्र कितीही महागाचं असो, त्यातून पाहणारा डोळा उघडा लागतो.

दुसरी पायरी: तिघांची जात ओळखा

नाइट व्हिजनमध्ये दोन पूर्ण वेगळे प्रकार आहेत. जुना प्रकार ट्यूबचा. चांदण्याचा जो काही उजेड असेल तो ट्यूबमधल्या पडद्यावर पडून त्याचे इलेक्ट्रॉन होतात, ते अनेक पटींनी वाढवले जातात आणि चमकणाऱ्या पडद्यावर आदळून हिरवं किंवा पांढुरकं चित्र उमटतं. यातली तिसऱ्या जनरेशनची ट्यूब मुख्यतः लष्करी वापराची आहे आणि अमेरिकेतून ती बाहेर न्यायला कडक निर्बंध आहेत. तेव्हा इंटरनेटवर दहा-बारा हजारांत 'मिलिटरी ग्रेड थर्ड जनरेशन' असं कोणी विकत असेल, तर ते पान तिथेच बंद करा.

आपल्याला परवडतं ते डिजिटल नाइट व्हिजन. ते म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यासारखाच सेन्सर, फक्त इन्फ्रारेड अडवणारी काच काढलेली, आणि सोबत इन्फ्रारेडची टॉर्च. ही टॉर्च दोन जातीची असते. ८५० नॅनोमीटरची लांब पोचते, पण समोरून पाहिलं तर बारीक लाल ठिपका दिसतो. ९४० ची दिसत नाही, पण पल्ला कमी. जनावरांसाठी ८५० चालते. चोरावर लक्ष ठेवायचं असेल तर ९४० घ्या, नाहीतर कॅमेरा कुठे आहे ते त्यालाच आधी कळतं. जाहिरातीत ४००-५०० मीटर लिहिलेलं असलं तरी डिजिटल यंत्राकडून १००-२०० मीटरपेक्षा जास्त आशा धरू नका. समोर गवत किंवा धूळ असेल तर इन्फ्रारेडचा उजेड तिथेच आपटून परत येतो आणि सगळं चित्र पांढरंफटक होतं.

थर्मलला उजेड लागतच नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे जी उष्णता बाहेर टाकते, त्यातली साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरची लहर तो टिपतो. अमावास्या असो की पौर्णिमा, त्याला फरक पडत नाही. फरक पडतो तो जनावर आणि मागची जमीन यांच्या तापमानात अंतर किती आहे याने. रंग, ठिपके, पट्टे यांतलं थर्मलमध्ये काही दिसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात वाघ ट्रॅप कॅमेऱ्यात आला. तो यवतमाळच्या टिपेश्वरचा आहे हे कळलं ते अंगावरचे पट्टे जुन्या फोटोंशी जुळवून. त्याआधी २०२१ मध्ये गौताळ्यात आलेला वाघही टिपेश्वरचाच होता. हेच वाघ थर्मलमधून पाहिले असते, तर एक मोठं, पांढरं, चालणारं जनावर एवढंच समजलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही: साप थर्मलमध्ये भरवशाने दिसत नाही. त्याचं अंग भोवतालच्या जमिनीइतकंच गरम किंवा गार असतं. डोळा यंत्राला आणि पाय घोणसीवर, असं व्हायला वेळ लागत नाही. हातात थर्मल असलं तरी पायाशी टॉर्च आणि पायात गमबूट हवेतच.

तिसरी पायरी: थर्मलचे आकडे वाचायला शिका

इथे जरा थांबायला हवं, कारण लाखाच्या घरातला व्यवहार या चार-पाच आकड्यांवर ठरतो.

पहिला आकडा सेन्सरचा: २५६×१९२, ३८४×२८८ किंवा ६४०×५१२. दुसरा पिक्सेलच्या आकाराचा, म्हणजे पिच. नव्या यंत्रांत बहुधा १२ मायक्रोमीटर, जुन्यांत १७. तिसरा लेन्सचा: १५, १९, २५, ३५ किंवा ५० मिलिमीटर. या तिघांवरून तुम्ही स्वतः हिशोब करू शकता. पिचला लेन्सने भागा. १२ मायक्रोमीटर भागिले २५ मिलिमीटर म्हणजे ०.४८. याचा अर्थ १०० मीटरवर एका पिक्सेलमध्ये ४.८ सेंटिमीटरचा चौकोन मावतो, २०० मीटरवर ९.६ चा, १,००० मीटरवर ४८ चा.

आता समोर पाऊण मीटर उंचीचं डुक्कर उभं करा. १५० मीटरवर एक पिक्सेल ७.२ सेंटिमीटरचा, म्हणजे डुक्कर सुमारे १० पिक्सेल उंच दिसेल. पाठीचा उंचवटा, खाली घातलेलं तोंड, मागची पिल्लं ओळखू येतील. ३०० मीटरवर ते ५ पिक्सेलचा गोळा होतं. डुक्कर की वासरू हा अंदाज चालण्यावरूनच बांधायचा. १,००० मीटरवर तर दीड पिक्सेल. आणि खोक्यावर काय लिहिलंय? अशाच यंत्राच्या खोक्यावर १,२०० मीटरच्या आसपास. तो आकडा सरळ सरळ खोटा नाही, बरं का. उभा माणूस धरून, तीनेक पिक्सेलचा ठिपका दिसला की 'दिसलं' असं कंपनी मोजते. १९५८ मध्ये जॉन्सन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने अशा यंत्रांसाठी जे निकष मांडले, त्यात 'काहीतरी आहे', 'कोणत्या जातीचं आहे' आणि 'नेमकं काय आहे' या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि पायरीगणिक लागणारे पिक्सेल वाढत जातात. जाहिरातीत पहिली पायरी छापतात, आपल्याला लागते दुसरी. म्हणून ढोबळ नियम धरा: खोक्यावरच्या रेंजचा आठवा भाग म्हणजे डुक्कर ओळखता येण्याचं अंतर.

मग मोठी लेन्स घ्यावी का? तिचाही हिशोब आहे. ३८४ च्या सेन्सरला २५ मिलिमीटरची लेन्स असेल तर १०० मीटरवर साधारण १८ मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो. ५० ची लावली की तोच पट्टा ९ मीटरचा होतो. लांबचं मोठं दिसतं, पण चार एकराचं शेत पाहायला यंत्र सारखं फिरवत बसावं लागतं आणि कळप बाजूने निघून जातो. आपल्या तीन-पाच एकराच्या तुकड्यांना १९ किंवा २५ ची लेन्स पुरते. बालाघाटाच्या पठारावर, पाटोदा-आष्टीकडे, जिथे माळ उघडा आणि नजर लांबवर जाते, तिथे ३५ चा विचार करावा.

चौथा आकडा एनईटीडी, मिलिकेल्विनमध्ये. किती बारीक तापमानाचा फरक यंत्राला कळतो ते यावरून समजतं. हा जितका कमी तितका चांगला. ४० चालतो, २५ किंवा त्याखाली असेल तर दमट हवेत आणि पावसाळ्यात फरक जाणवतो. पाचवा आकडा हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा. ९ हर्ट्झवर पळणारं डुक्कर तुटक तुटक दिसतं. २५ च्या खाली घेऊच नका, ५० मिळालं तर उत्तम. डिजिटल झूमच्या आकड्याकडे तर बघूच नका. ते नुसतं चित्र ताणणं आहे, एक पिक्सेलसुद्धा वाढत नाही.

मोबाइलला जोडायचे छोटे थर्मल कॅमेरे स्वस्त मिळतात. त्यांनी पन्नासेक मीटरच्या पुढे जनावर शोधायचा नाद करू नये. मात्र मोटारीच्या स्टार्टरमधला तापलेला जोड किंवा सोलर पॅनलचा बिघडलेला सेल शोधायला ते झकास चालतात, आणि लांबूनच पाहता येतं हे विशेष.

चौथी पायरी: आपलं ऊन आणि आपलं पीक

परदेशातले व्हिडिओ पाहून यंत्र निवडणाऱ्यांची फसगत होते ती इथे. ते व्हिडिओ थंड देशातले, कापलेल्या गव्हाच्या मोकळ्या रानातले असतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दिवसा पारा चाळिशीच्या वर जातो. काळा दगड आणि काळी माती ती उष्णता रात्री उशिरापर्यंत धरून ठेवतात. रात्री आठ-नऊला माळावर थर्मल लावलं की प्रत्येक धोंडा पांढरा चमकतो आणि दर दुसऱ्या धोंड्यात डुक्कर बसल्याचा भास होतो. रात्र चढत जाते तशी जमीन निवते आणि पहाटे तीननंतर चित्र खुलतं. उन्हाळ्यात थर्मलचा खरा उपयोग पहाटे. डिसेंबर-जानेवारीत उलट, दिवस मावळून दोन-तीन तास झाले की जनावर दिव्यासारखं उठून दिसतं. पावसानंतर आणि दाट धुक्यात सगळ्या वस्तू एकाच तापमानाला येतात, हवेतलं पाणीही उष्णता शोषतं, आणि अंतर निम्म्यावर येतं.

दुसरी मर्यादा पिकाची. थर्मलला पानाआडचं दिसत नाही. हरभरा, सोयाबीन, भुईमूग यांत उभं जनावर वरून दिसतं. डोक्याएवढ्या तुरीत फक्त पाठ किंवा कान मधूनच चमकतात. उसात तर काहीच नाही. गोदावरीच्या पट्ट्यात, पैठणपासून खाली नांदेडपर्यंत, ज्यांना उसातल्या बिबट्याची धास्ती आहे त्यांनी बांधावर उभं राहून थर्मलने फड तपासला आणि काही दिसलं नाही, याचा अर्थ आत काही नाही असा अजिबात घेऊ नये. तिथे थर्मल उपयोगी पडतं ते फडाकडे जाणारी वाट, पाट आणि मोकळा बांध पाहायला. तिथेही एकट्याने जाऊ नका, मोठ्याने बोलत जा. २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, ते विसरण्यासारखं नाही.

पाचवी पायरी: दुकानात दहा मिनिटं घालवा

ऑनलाइन घेण्यापेक्षा पुण्या-मुंबईच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात जाऊन, जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी घेऊन यंत्र घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. परदेशातून मागवलेलं यंत्र बिघडलं तर परत पाठवायचा खर्चच जीव काढतो. दुकानात मात्र नुसतं हातात घेऊन "भारी आहे" म्हणू नका.

भिंतीवर तळहात दहा सेकंद दाबून धरा, मग काढा आणि थर्मलमधून भिंतीकडे पाहा. पाच बोटांचा स्वच्छ ठसा दिसला पाहिजे आणि तो हळूहळू विरत गेला पाहिजे. किती वेळ ठसा टिकतो ते दोन यंत्रांत ताडून पाहा. ज्यात जास्त वेळ दिसतो त्याच्या सेन्सरला बारीक फरक कळतो. मग दुकानाच्या काचेच्या दाराकडे यंत्र करा. बाहेरचा रस्ता दिसणार नाही, उलट तुमचंच धूसर प्रतिबिंब दिसेल. साध्या काचेतून ही लहर जात नाही, म्हणून तर थर्मलची लेन्स जर्मेनियमची असते आणि म्हणूनच ती महाग असते. जीपच्या काचा बंद करून आतून बिबट्या बघायची स्वप्नं इथेच सोडून द्या. मधूनच 'टक्' असा आवाज होऊन चित्र क्षणभर गोठलं तर घाबरू नका. सेन्सर स्वतःला जुळवून घेतो. तो आवाज मात्र शांत रात्री हरणाला ऐकू जातो, तेव्हा तो हाताने बंद करायची सोय आहे का ते विचारा.

बॅटरी बदलता येते का ते पाहा. आत कायमची बसवलेली असेल तर दोन वर्षांनी रडायची वेळ येते. १८६५० सारखा बाजारात मिळणारा सेल असेल तर खिशात दोन जास्तीचे ठेवता येतात. पडद्याचा उजेड अगदी कमी करता येतो का तेही बघा. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि झगझगीत पडदा ते सगळं एका क्षणात घालवतो. दुकानदार सूर्याकडे यंत्र करून दाखवायला लागला तर हात धरा; त्याने सेन्सर कायमचा भाजतो.

सहावी पायरी: ट्रॅप कॅमेरा कसा निवडायचा

खोक्यावर ४८ मेगापिक्सेल लिहिलेलं असतं. आतला खरा सेन्सर बहुधा दोन ते पाच मेगापिक्सेलचा. बाकी सगळं चित्र फुगवून केलेलं. त्याकडे दुर्लक्ष करून तीन गोष्टी पाहा. ट्रिगर स्पीड, म्हणजे हालचाल कळल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ: अर्ध्या सेकंदाच्या आत हवा, नाहीतर फोटोत नुसती शेपटी येते. दोन फोटोंमधला वेळ: कळप ओळीने जातो, पहिल्या डुकरानंतर कॅमेरा दहा सेकंद झोपला तर मोजणी कशी होणार? आणि रात्रीचा नमुना फोटो: दिवसाचे फोटो सगळेच कॅमेरे बरे काढतात, रात्री चालत्या जनावराचा फोटो फरफटलेला येतो की स्पष्ट, तिथे खरी परीक्षा.

हे कॅमेरे पीआयआर सेन्सरवर चालतात. जनावराच्या अंगाची उष्णता आणि मागची जमीन यांतला फरक सरकला की कॅमेरा जागा होतो. यातून आपल्याकडचे दोन ताप निघतात. मे महिन्याच्या दुपारी हवा आणि जनावराचं अंग जवळपास सारखंच तापलेलं असतं. पाणवठ्यावर अख्खा कळप येऊन गेला तरी कॅमेरा ढिम्म. अशा दिवसांत दर पाच मिनिटांनी आपोआप फोटो घेणारा टाइम लॅप्स सुरू ठेवावा. दुसरा ताप उलटा: समोर तापलेलं वाळकं गवत वाऱ्याने हललं की कार्ड गवताच्या फोटोंनी भरतं. गवत कापणं हाच उपाय.

फोटो भाराभर निघणार हे धरूनच चाला. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांत प्राण्यांचे ३ कोटी ४८ लाखांवर फोटो आले आणि त्यांतले वाघाचे होते ७६,६५१. तुमच्या बांधावर मुंगूस, कुत्रं, शेजारच्याची शेळी आणि तुम्ही स्वतः यांचेच फोटो जास्त येणार.

सिमवाला कॅमेरा मोहात पाडतो. फोटो थेट मोबाइलवर! पण घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. कॅमेरा ४जी आणि भारतातल्या बँडवर चालणारा आहे का? जुने २जी-३जीचे कॅमेरे जिओवर चालतच नाहीत, आणि परदेशी ब्रँडचे काही कॅमेरे त्यांच्याच सिमला बांधलेले असतात. दुसरं, जिथे कॅमेरा बांधायचा त्या झाडाशी जा आणि फोन गुडघ्याएवढ्या उंचीवर धरून इंटरनेट चालवून पाहा. कानाशी दोन काड्या रेंज असते ती नाल्यात खाली गेलेली असते.

आखाड्यावरची मोटार, केबल, ठिबकचे पाइप राखायचे असतील तर ट्रॅप कॅमेऱ्याऐवजी सोलरवर चालणारा ४जी सीसीटीव्ही बरा. तो उंच खांबावर बसतो, बोलता येतं, भोंगा वाजवता येतो. जनावराच्या वाटेवर मात्र तो कुचकामी.

सेलचं म्हणाल तर साधे स्वस्त पेन्सिल सेल टाकून आठ दिवसांत कॅमेरा बंद पडला म्हणून कंपनीला शिव्या देऊ नयेत. रात्रीचा इन्फ्रारेड फ्लॅश एकदम करंट ओढतो, अर्धमेल्या सेलवर फोटो काळे येतात. चार्ज होणारे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात. कॅमेऱ्याला ते चालतात का, ते पुस्तिकेत पाहून घ्या. बाहेरून बॅटरी जोडायची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते, पण ती कुठे ६ व्होल्टची असते, कुठे १२ ची. मोटारसायकलची बॅटरी थेट जोडण्याआधी तो आकडा डोळ्यांनी वाचा.

सातवी पायरी: कॅमेरा बांधायचा कसा

जागा शोधायला पावलांचे ठसे, लोळण, तारेला चिकटलेले केस पाहा. डुकराची वाट बहुधा ओढ्याच्या काठाने येते आणि बांधाला जिथे पाणी फुटून खिंड पडलेली असते तिथून आत शिरते. वाटेपासून तीन-चार मीटर लांब, गुडघ्याएवढ्या उंचीवर, म्हणजे ४०-५० सेंटिमीटरवर कॅमेरा बांधा. छातीएवढ्या उंचीवर बांधला की पिल्लं खालून निघून जातात. पीआयआरला आडवी हालचाल चांगली कळते, थेट समोरून येणारी उशिरा. पण अगदी काटकोनात लावला तर जनावर क्षणात चौकटीबाहेर जातं, म्हणून वाटेला जरा तिरपा लावावा. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिमेला लावला की उगवता-मावळता सूर्य त्यात शिरतो.

बाभळीचं खोड असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त वाऱ्याने हलणारी फांदी नको. झाड नसेल तर लोखंडी अँगल रोवतात. काळ्या रानात तो नुसता ठोकून भागत नाही: पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि महिन्याभरात कॅमेरा आभाळाकडे पाहायला लागतो. खाली दोन पाट्या काँक्रीट टाका. लेन्ससमोरची दोन-तीन मीटरची जागा साफ करा. मग कॅमेऱ्याच्या टेस्ट मोडवर स्वतः वाकून, रांगत वाटेवरून जाऊन बघा. पोरं हसतील, हसू द्या. दिवा कुठे लागतो ते पाहून कोन बदला. तारीख आणि वेळ बरोबर आहे का ते दोनदा तपासा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. पहिल्यांदा आठवडाभर ठेवून कार्ड पाहा. रोज जाऊन बघितलं तर माणसाच्या वासाने वाट बदलते. पावसाळ्यात कोळी लेन्ससमोर जाळं विणतो आणि रात्री तेवढंच चमकतं, तेव्हा जाल तेव्हा फडकं न्या. मुंग्याही आत घर करतात.

आठवी पायरी: कायदा आणि गाव

स्वतःच्या शेतात कॅमेरा लावायला कोणी अडवत नाही. वनजमिनीवर आणि अभयारण्यात मात्र वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही कॅमेरा बांधायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ आणि २८ मध्ये अभयारण्यातला प्रवेश आणि छायाचित्रण यांसाठी परवानगीची तरतूद आहे. हौशी पोरांनी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला भेटून आपलं काम सांगावं. सोबत घेऊन काम करू देणारे अधिकारी असतात. बंदुकीवर बसवायच्या थर्मल दुर्बिणीच्या वाटेला जाऊ नका. डुक्कर कितीही माजलं तरी परवानगीशिवाय मारणं गुन्हाच आहे, आणि काळवीट, बिबट्या, लांडगा हे तर पहिल्या अनुसूचीतले. कुंपणात थेट लाइट सोडण्याचा विचारही नको, त्यात माणसं मेली आहेत.

गावाला कळवून ठेवणं तेवढंच गरजेचं. २०२४ साली बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर भागात रात्री ड्रोन फिरतात या बातमीने गावंच्या गावं काठ्या घेऊन जागत होती. अशा हवेत रात्री कोणी दुर्बीण लावून दुसऱ्याच्या धुऱ्याजवळ उभा दिसला, तर आधी मार बसतो, ओळख नंतर पटते. पोलीस पाटलाला आणि शेजारच्या चार आखाड्यांना आधी सांगा. कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्याच्या दाराकडे किंवा बायकांच्या पाणवठ्याच्या वाटेकडे करू नका.

कॅमेऱ्यात बिबट्या आलाच, तर तो फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जागेसकट टाकू नका. शंभर माणसं बघायला येतात, बिथरलेलं जनावर कोणावर तरी धावतं. वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. पीक खाल्लेलं असेल तर भरपाईचा अर्ज तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे गेला पाहिजे. पंचनामा जागेवरच होतो, फोटो त्याची जागा घेत नाही, पण तारीख-वेळ छापलेला फोटो सोबत असला की हे गुरांनी खाल्लं असा वाद राहत नाही. पंचनामा होईपर्यंत ते मूळ कार्ड फॉरमॅट करू नका, कॅमेऱ्यात दुसरं टाका आणि लोळलेली तासं तशीच राहू द्या.